चपलेतली चिठ्ठी

बाहेर पडताना चपला पायात सरकवण्याआधी मी त्यांच्यात एकदा बोट फिरवून बघते. नवऱ्याला वाटतं, लहानपणी मला विंचू चावला असावा. ऑफिसात एकीने विचारलं तेव्हा मीही विंचवाचंच सांगून टाकलं, कारण विंचू लोकांना लगेच पटतो. खरं कारण सांगायचं तर रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातले आमचे इंग्रजीचे सर आठवावे लागतात, आणि सर आठवले की माझा तो दिवस काही धड जात नाही.

सर शाळेतले नव्हते. रायपूरच्याच एका सरकारी कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे करण्यात त्यांची नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर घरच्या पुढल्या खोलीत त्यांनी क्लास उघडला. आम्ही राहायचो ब्राह्मणपाऱ्यात, तिथून चालत दहा मिनिटं. मी सातवीत असताना आईने मला तिथे नेऊन बसवलं, कारण पाऱ्यातल्या सगळ्या मराठी घरांत सरांचं नाव होतं. पहिल्याच दिवशी आईने विचारलं, "सर, ग्रामर पूर्ण होईल ना वर्षभरात?" सर म्हणाले, "ग्रामर शाळेत होते ताई. मी फक्त लहान शब्द शिकवतो."

लहान शब्द म्हणजे इन, ऑन, ऍट, बाय, विथ, सिन्स, फॉर, आणि त्यांची बाकीची भावंडं. चार वर्षं मी त्यांच्याकडे गेले आणि चार वर्षं त्यांनी दुसरं काही शिकवलं नाही. काळ चुकला, स्पेलिंग चुकलं, सरांच्या कपाळाला आठी पडायची नाही. पण टेबलावरची वही कोणी टेबलाच्या आत घातली की ते डोळे मिटून घेत. "मोठा शब्द चुकला तं लोक समजून घेतात," ते म्हणायचे. "हे लहान चुकले का लोकाईले कळते, हा माणूस या घरचा नाही."

नियम ते सांगतच नसत. त्यांचं म्हणणं, हे शब्द डोळ्यांनी बघायचे असतात. एका रविवारी सकाळी त्यांनी आमची वरात बूढ्या तालाबावर नेली. "आपण म्हणतो, तालाबावर गेलो. पाण्यावर चालून आला का कोणी?" मग एकाला घाटाच्या पायरीवर उभं केलं, एकीला रस्त्यापलीकडच्या झाडाखाली, आणि मोठ्याने विचारू लागले, "ऍट द लेक कोण? बाय द लेक कोण? इन द लेक कोणी जाऊ नका, मले तुमच्या आईबापाले तोंड दाखवाचं आहे." फिरायला आलेले लोक थांबून बघत होते. गुपचूपवाल्यानेही, म्हणजे तिकडच्या पाणीपुरीवाल्यानेही, गाडी लावायचं सोडून तो तास पूर्ण ऐकला.

खोलीतल्या भिंतीवर एक लाकडी खुंटी होती आणि तिला गाय बांधायची दोरी अडकवलेली. घरात गाय कधीच नव्हती. ती होती सिन्स आणि फॉरसाठी. काम कुठून सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, म्हणून खुंटीवर बोट ठेवायचं. किती वेळ चाललं ते सांगायचं तर फॉर, म्हणून दोरी हातात घेऊन लांबी मोजायची. "सिन्सले खुंटी पाहिजे, फॉरले दोरी." आपण मराठीत 'दोन वर्षांपासून' म्हणून दोन्ही कामं एका दमात उरकतो, त्यामुळे आमच्यातला प्रत्येक जण तिथे आपटायचा. सरांना त्याचा राग नव्हता. उलट मराठीचं त्यांना कौतुकच होतं. "आपला एक 'ने' सगळं घर सांभाळते. पेनने लिहिलं, बसने आलो, आईने केलं. इंग्रजाच्या घरी एकेका कामाले वेगळा नोकर."

आता चपलेचं सांगते.

सरांच्या घराला तीन पायऱ्या आणि त्यावर अरुंद ओटा. चपला ओट्यावर ओळीने काढायच्या. ओळीत सगळ्यात डावीकडे सरांच्या स्वतःच्या चामड्याच्या चपला, रस्त्याकडे तोंड करून. त्या तिथेच असायच्या, सर घरात असोत नाहीतर नसोत. क्लासात कोणी काही चुकीचं बोललं की सर ऐकून घेत, मान हलवत आणि पुढे जात. चूक दाखवत नसत. तास संपत आला की "पाणी पिऊन येतो" म्हणून उठत आणि ओट्यावरून एक चक्कर मारून येत. घरी जाताना चपलेत पाय घातला की बोटांना कागद लागायचा. जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेला बोटभर तुकडा, आणि त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात आपलंच वाक्य, जसं बोललो तसं. खाली रेघ नाही, बरोबर उत्तर नाही. ते आपण घरी शोधायचं, मागच्या बाजूला लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सरांच्या चपलेत टाकायचं. कोणाला किती चिठ्ठ्या आल्या हे कोणालाच कळत नसे. रोज चार येणारी मुलगी आणि महिन्याला एक येणारा मुलगा एकाच ओट्यावरून सारख्याच चेहऱ्याने उतरत.

पहिल्याच आठवड्यात सरांनी एक गोष्ट बजावली होती. "माझी चूक सापडली तं तीही त्याच चपलेत." आम्ही हसलो होतो. सरांची चूक सापडायची म्हणजे काय.

ही सवय त्यांना बाहेरही सुटत नसे. पाऱ्यातल्या एका लग्नाची पत्रिका इंग्रजीत छापली होती आणि तिच्यात एक लहान शब्द हुकला होता. सरांना राहवेना. तोंडावर सांगणं त्यांच्याने होणार नव्हतं, म्हणून जेवणावळ चालू असताना मांडवाबाहेरच्या चपलांच्या ढिगातून मुलीच्या बापाचे बूट शोधून त्यांनी चिठ्ठी ठेवली. बूट निघाले लाकडाच्या एका व्यापाऱ्याचे. घरी गेल्यावर त्याच्या बायकोला बुटात कागद सापडला, त्यावर न कळणारी अक्षरं, आणि तिने घर डोक्यावर घेतलं की कोणीतरी टोना केला. दोन दिवस त्या घरात लिंबं फिरली. तिसऱ्या दिवशी नवराबायको तो कागद रुमालात बांधून वाचून घ्यायला आले ते सरांकडेच, कारण पाऱ्यात इंग्रजी त्यांनाच येत होतं. "भैया, देख लो, कुछ उल्टा-सीधा तो नहीं लिखा?" सरांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट करून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "कुछ नहीं. किसी ने शुभकामना दी है." आतल्या दारामागे सरांच्या बायको, आमच्या काकू, पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या. काकूंनीच हे मला सांगितलं, सरांनी नाही.

मी त्यांच्या हुशार विद्यार्थ्यांपैकी एक होते. हे मी आज बढाई म्हणून सांगत नाही, पुढचं समजावं म्हणून सांगते. दुसऱ्याची चूक मला आधी ऐकू यायची आणि ऐकू आली की बोलून मोकळं झाल्याशिवाय मला चैन पडत नसे. कोणी अडखळलं की मी ओरडून उत्तर द्यायची. एकदा तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं. "बेटा, तुले उत्तर येते. थांबता नाही येत."

"पण मी बरोबर सांगितलं ना सर."

"बरोबरच सांगितलं. पण काहून सांगितलं?"

 मग त्यांनी, बहुधा आयुष्यात एकदाच, स्वतःचं काही सांगितलं. नोकरीला लागले त्या वर्षी त्यांच्या मसुद्यात एक लहान शब्द चुकला होता. साहेबांनी तो कागद हॉलच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. लोक हसले. पुढे वर्षभर सर कँटीनमध्ये गेले नाहीत, डबा आपल्या टेबलावरच खात. "चूक चपलेत राहिली तं आपली राहते बेटा. तोंडातून निघाली का गावाची होते." कोणता शब्द चुकला होता ते मी विचारलंच. मला थांबता येत नाही, हे सर आत्ताच म्हणाले होते. ते हसले आणि म्हणाले, "ते माझ्या चपलेतलं आहे."

दहावीनंतर क्लास सुटला, पुढे रायपूरही सुटलं. मी पुण्याला एका कंपनीत लागले. लोकांनी लिहिलेलं इंग्रजी तपासायचं, हे माझं काम. स्क्रीनवर कोणाचाही कागद उघडायचा, चुकलेल्या जागेवर खूण करायची, बाजूला शेरा लिहायचा, आणि तो शेरा टीममधल्या वीस जणांना दिसतो. कोणाला वाईट वाटतं का, हा प्रश्न तिथे कधी येत नाही. मी त्यात चांगलीच रुळले, दोनदा बढतीही मिळाली. माझ्या नोकरीतली सगळी भाकरी सरांच्या त्या लहान शब्दांची आहे हे मी लोकांना सांगायची, पण सरांना भेटायला मात्र वर्ष-वर्ष जात नसे. रायपूरला चार दिवस यायचं, त्यात आईचे डॉक्टर, बँका, नातेवाईक. सर राहून जात.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण बोलणं तेच. "बेटा, येऊन राहिली का इकडे? एक दिवस क्लासात येऊन बस."

मी विचारलं, काही विशेष आहे का.

"सात पोरं उरले. आईबाप म्हणतात, मोबाइल सब बता देता है, सर के यहाँ क्यों भेजें. तू इथूनच शिकून गेली. तुले पाहून त्याईले जरा भरोसा वाटंल." मग म्हणाले, "पोरगी म्हणते, घराले कुलूप लावा न हैदराबादले या. मी म्हणतो, पोरं येऊन राहिले तोवर कसा येऊ?"

हे त्यांनी मला इतक्या सरळ शब्दांत सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी गेले. चांगली साडी नेसून, कंपनीचं नाव असलेली बॅग खांद्याला लावून गेले. ओट्यावर सात जोड चपला आणि डावीकडे सरांच्या, रस्त्याकडे तोंड करून. सरांनी दोन मुलांच्या आयांना मुद्दाम बोलावलं होतं, त्या दाराशी खुर्च्यांवर बसल्या होत्या. खोली तीच, खुंटी तीच, दोरी जरा काळी पडलेली. सर मात्र पांढरेफटक झाले होते. त्यांनी माझी ओळख करून दिली, मुलांना मराठी कळतं पण बोलतात हिंदी, म्हणून हिंदीत. "ये दीदी यहीं बैठती थी, उस कोने में. आज पूना में बड़े-बड़े लोगों की अंग्रेजी ठीक करती है." आया माझ्याकडे बघून हसल्या. मला फार बरं वाटलं. आता लिहिताना त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

मग सर फळ्याकडे वळले आणि स्वतःबद्दलचं एक वाक्य त्यांनी लिहिलं. आय ऍम लिव्हिंग इन रायपूर सिन्स सिक्स्टी इयर्स.

आधी मला वाटलं, मुद्दाम चुकीचं लिहिलं, आता मुलांना विचारतील. पण त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि पुढचं सांगायला लागले. सातही मुलं खाली वह्यांत बघत होती. कोणी हललं नाही. मला वाटलं, कोणाच्या लक्षातच आलं नाही. आणि मी उठले. नुसतं सांगून मी गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण मी हसत हसत भिंतीपाशी गेले, खुंटीवरची दोरी काढली, सर करायचे तशी हातात धरून ताणली आणि म्हणाले, "सर, सिन्स नाही, फॉर. सिन्सले खुंटी पाहिजे, फॉरले दोरी."

मला वाटत होतं की मी त्यांचाच धडा त्यांना परत करते आहे. ते खूश होतील असंही कुठेतरी वाटत होतं.

सरांनी फळ्याकडे पाहिलं.  मग डस्टर घेऊन ते वाक्य पुसलं, आधी एकदा, आणि स्वच्छ झालं होतं तरी पुन्हा एकदा. "करेक्ट," ते म्हणाले. "थँक यू." मला ते 'बेटा' म्हणाले नाहीत. तास लवकर संपला. त्या दिवशी ते पाणी प्यायला उठले नाहीत.

दारातून निघताना एक आई दुसरीला म्हणाली, "सर अब थक गए हैं, बेचारे." हळू म्हणाली होती, पण खोली लहान होती.

मी ओट्यावर आले तेव्हा कुमकुम नावाची आठवीतली मुलगी पायरीवर माझी वाट बघत थांबली होती. सडपातळ, दोन वेण्या, डोळ्यांत राग. "दीदी, आपने बोल क्यों दिया?"

"क्या?"

"हमको पता था. सब को पता था." तिने मुठीतली चिठ्ठी दाखवली. वहीच्या पानाचा कपटा, त्यावर पेन्सिलीने फळ्यावरचं ते वाक्य, जसं होतं तसं. "सर आजकल भूल जाते हैं. हम लोग चप्पल में डाल देते हैं. सर रात में देख लेते हैं, फिर दूसरे दिन खुद ही ठीक करके बताते हैं. छह महीने से ऐसा ही चल रहा है."

मी सरांच्या चपलेकडे पाहिलं. उजव्या पायाच्या चपलेत, अंगठ्याच्या जागी, आणखी तीन चिठ्ठ्या होत्या. मी भिंतीपाशी दोरी ताणत होते तोवर बाकीच्यांनी वहीत त्याच लिहून ठेवल्या होत्या. सातवी-आठवीतल्या पोरांनी जे सहा महिने जपलं, ते मी पाच मिनिटांत दोन आयांसमोर मोडून आले. मी काय बोलले मला आठवत नाही. कुमकुमने तिची चिठ्ठी टाकावी की नाही याचा थोडा विचार केला आणि मग ती दप्तरात ठेवून निघून गेली.

मी तेव्हाच आत जायला हवं होतं. गेले नाही. दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती, आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. महिन्याभराने आई फोनवर सहज बोलून गेली, "अवं, तुह्या सरांनी क्लास बंद केला म्हणतात. आधी दोन पोरं काढली त्याईच्या आयांनी, मग सरच म्हणाले, आता पुरे. काहून केलं असंल?" मी म्हटलं, मला काय माहीत.

हैदराबादला ते गेले नाहीत. घरातच राहिले. मला वाटायचं, पत्र लिहावं, फोन करावा. पण माफी तोंडी मागायची म्हणजे पुन्हा तोंडानेच बोलायचं. शेवटी एका दिवाळीला रायपूरला जायचं ठरलं तेव्हा मी घरातली जुनी लग्नपत्रिका शोधली, बोटभर तुकडा कापला आणि पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली. चुकीचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, एवढाच नियम. मी लिहिलं, 'सर, सिन्स नाही, फॉर.' दुरुस्ती मागच्या बाजूला लिहायची असते. ती बाजू मी बराच वेळ समोर धरून बसले आणि कोरीच ठेवली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. काकूंनी दार उघडलं, सर खुर्चीत होते. मला ओळखलं. पुणं कसं आहे, आई कशी आहे, सगळं विचारलं. पण प्रत्येक वाक्याआधी थांबत होते, शब्द मनातल्या मनात तपासून मगच बाहेर काढत होते. मराठी बोलतानाही. माझ्याशी असं जपून बोलणारे सर मला सहन होईनात. अर्ध्या तासात मी उठले. ते म्हणाले, "ये पुन्हा." एवढंच.

ओट्यावर येऊन मी पर्समधून चिठ्ठी काढली आणि डावीकडे वाकले. तिथे चपला नव्हत्या. नुसती फरशी, आणि इतकी वर्षं त्या जिथे असायच्या तेवढ्या जागेचा रंग जरा वेगळा.

काकू मागे दारात उभ्या होत्या. "काय पाहून राहिली वं?"

"सरांच्या चपला?"

"त्या मी आत ठेवल्या. तेच म्हणाले, बाहेर काही कामाच्या नाहीत आता. कुठी जात नाहीत न ते."

मी माझ्या चपलांत बोट फिरवलं. काही नव्हतं. चिठ्ठी मुठीत घेऊन मी तीन पायऱ्या उतरले आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ती परत पर्समध्ये ठेवली. काकूंच्या हातात देता आली असती, हे नंतर सुचलं. पण तसं द्यायची पद्धत त्या घरात नव्हती.